कवळीताईंचं जहाज

कारखान्यात त्यांना सगळे कवळीताई म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, कारण कामच ते होतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवत. ताई त्यांवरून प्लास्टरचा साचा ओतत, त्यावर मेणाची हिरडी चढवत आणि हिरडीत एकेक दात बसवत. कारखाना म्हणायचा एवढंच. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या त्या. एका खोलीत ताई, दुसरीत पॉलिशवाला. त्याच्या यंत्राची घरघर दिवसभर चाले आणि ती ऐकू येऊ नये म्हणून तो कानात गाणी लावून बसे. इतकी वर्षं माणसांची तोंडं ताईंच्या हाताखालून गेली, पण त्यांतल्या एकाचंही बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं.

हे काम त्यांनी समजून-उमजूनच धरलं होतं. लहानपणापासून त्या बोलताना अडखळत. ‘प’ आणि ‘म’ तर उंबऱ्यातच ठाण मांडून बसत. शाळेत व्हायची ती चेष्टा झाली. ती एक वेळ सोसली. पुढं भल्या माणसांनी जे केलं ते जास्त लागलं. ताईंचं वाक्य अडलं की समोरचा माणूस ते स्वतःच पुरं करून टाकी. दुकानात त्या “म... म...” म्हणाल्या की दुकानदार “मीठ ना?” म्हणून पुडा पुढं करी. हवी असे मेणबत्ती. पण ‘नाही’ म्हणून पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा मीठ घेऊन घरी जाणं सोपं. त्यांच्या घरात मिठाचा तुटवडा कधी पडला नाही.

आईवडील गेल्यावर घरात ताई आणि धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ बोलघेवडा. दोघांच्या वाट्याचं बोलणं देवानं त्याच्याच झोळीत टाकलं, असं नातेवाईक हसत म्हणत. तोही तसंच वागे. “ताईला हे नको”, “ताईला बरं वाटत नाहीये”, “ताईला आवडलं हं”. मायेनंच करायचा. मग त्याचं लग्न झालं, दूरदेशी नोकरी लागली आणि तो बायकोला घेऊन गेला. जाताना टीव्हीला जोडायचं त्याचं खेळाचं यंत्र सामानात बसेना.

“राहू दे तुला,” तो म्हणाला. “सिनेमे बघ यावर.”

एका रविवारी दुपारी ताई सिनेमाच लावायला गेल्या आणि भलतंच बटण दाबलं गेलं. पडदा काळा झाला. कुणीतरी श्वास घेत असल्याचा आवाज आला. मग पांढऱ्या केसांची एक डॉक्टरीण पडद्यावर वाकली आणि म्हणाली, “शुद्धीवर आलात? नाव सांगा बघू तुमचं.”

स्वतःचं नाव हा त्यांचा सगळ्यांत अवघड शब्द. पण खाली अक्षरांची पाटी आली. नाव टिपून द्यायचं होतं. त्यांनी सावकाश अक्षरं निवडून ‘ताई’ एवढंच लिहिलं. डॉक्टरीण म्हणाली, “वाटलंच होतं. उठा. तुम्ही या जहाजाच्या कॅप्टन आहात, आणि तुम्ही झोपला होतात तेवढ्यात सूर्य विझायला लागलाय.”

असा तो खेळ होता. झोपवलेल्या हजारो माणसांना पोटात घेऊन एक म्हातारं जहाज ताऱ्यांमधून चाललंय, त्यांना राहण्याजोगी जमीन शोधायची आहे, आणि हाताशी मोजकी माणसं. ती डॉक्टरीण, नकाशे बघणारी एक पोर, सैन्यातून पळून आलेला एक शिपाई आणि तळाच्या यंत्रघरात परक्या ग्रहावरचा एक यंत्रवाला. त्याचं अंग गोगलगायीसारखं मऊ, हात चार. जागोजागी लढाया होत्या. त्या ताईंना अजिबात जमेनात. त्यांनी सगळ्यांत सोपी पायरी लावून घेतली, तरीही त्या दोनचारदा आपल्याच जहाजाला आग लावून बसल्या. पण लढाया संपल्या की माणसं कॅप्टनशी बोलायला येत. बोलून झालं की पडद्यावर तीनचार वाक्यं उमटत. त्यांतलं आपण निवडायचं, आणि मग कॅप्टन ते वाक्य बोले. आवाज भरदार, संथ, एकही ठेच न लागणारा.

पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा ताईंनी यंत्र तसंच चालू ठेवलं आणि उठून पाणी पिऊन आल्या.

आल्या तर डॉक्टरीण तिथंच उभी. पापण्या मिटत-उघडत, उत्तराची वाट बघत. ताई मुद्दाम बसून राहिल्या. चहा करून आणला, तोही प्यायल्या. डॉक्टरीणबाई हलल्या नाहीत. त्यांनी ताईंचं वाक्य पुरं केलं नाही.

तेव्हापासून कामावरून आल्या, हातपाय धुतले, की ताई जहाजावर. दुसरं कुणी असतं तर पुढं काय होतंय याच्या घाईत असतं. ताई नुसत्या फिरत. या खोलीतून त्या खोलीत जाऊन सगळ्यांची विचारपूस करत. यंत्रघरात त्या रोज उतरत, कारण तिथली घरघर त्यांना ओळखीची वाटे. यंत्रवाला बोलत नसे. जवळ गेलं की चारही हात पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करी. ताईंनीही त्याला काही विचारलं नाही. थोडा वेळ उभं राहायचं आणि वर यायचं. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा त्या वळून जायला निघाल्या आणि मागून आवाज आला, “कॅप्टन, तुम्ही काही मागायला येत नाही.”

ताईंच्या हातून रिमोट पडायचाच राहिला.

हळूहळू तो उलगडत गेला. त्याच्या ग्रहावर यंत्रांना गाऊन चालवतात. तो बेसूर, म्हणून त्याला घालवून दिलेला. इथं कुणी ऐकत नसताना तो गातो. एकदा तो ताईंसमोर गायला. खरंच बेसूर होता. ताई एकट्याच हसल्या, मोठ्यानं, आणि रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकून चमकल्या.

भावाचा फोन रविवारी येई. पडद्यावर तो, मागं त्याचं स्वयंपाकघर. एरवीचं बोलणं ठरलेलं: “जेवलीस? बरं. तब्येत? ठीक ना? ठीकच दिसतेयस.” ताईंनी मान हलवायची. त्या रविवारी मात्र त्यांनी सकाळपासून वाक्य घोळवून ठेवलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच त्यांच्याकडे त्याला सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि तेही त्याच्याच खेळातलं.

“मी तुझा... तो ज... ज...”

“जुना टीव्ही? बिघडला?”

“जहाजाचा खेळ खेळते.”

भाऊ ओरडलाच. “काय सांगतेस! ताई, तू? अगं, मी दोन दिवसांत उडवला होता तो! कुठवर आलीस?”

ताईंचा चेहरा उजळला. “तो य... यंत्रवाला आहे ना. तो गातो—”

“कोण? तो गोगलगाय?” भाऊ म्हणाला. “तो बोलतो?”

ताईंनी मान हलवली.

“मी त्याला पहिल्याच ग्रहावर सोडून दिला. जागा अडवून बसलेला नुसता. आणि ते बोलणं केवढं लांबण लावतात गं ती माणसं! मी बटण दाबून सगळं पुढं पळवायचो. मारामाऱ्या काय झकास आहेत पण! त्या दगडी राक्षसाला कसं मारलंस?”

ताईंना तो राक्षस आठवेना. सोप्या पायरीवर तो बहुधा आपल्या आपणच मेला असावा. त्यांना एवढंच कळलं, की भाऊ त्या जहाजावर होता आणि नव्हताही. ज्या यंत्रघरात त्या रोज जात, तिथं तो एकदाही उतरला नव्हता. ज्याच्याशी बोलता येईल असं वाटलं होतं, त्यालाही तो माणूस माहीत नव्हता.

“तू म... म...”

“मजा आली? येणारच गं!”

“नाही.” ताईंनी हात वर केला. वाहतूक अडवणारा पोलीस करतो तसा. “थांब. तू म... माझंही तसंच करतोस. बटण दाबून प... पुढं पळवतोस.”

एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. भाऊ मध्ये बोलला नाही. त्याच्या मागं बायको काहीतरी विचारत आली आणि त्यानं तिला हातानंच परत पाठवलं.

“ताई, मी तुला मदत म्हणून...” तो म्हणाला.

“ठाऊक आहे मला,” ताई म्हणाल्या.

त्यानंतर तो वाट बघू लागला. नाही म्हणायला नको. ताई अडल्या की ओठ घट्ट मिटून पडद्याकडे बघत बसे, परीक्षेला बसल्यासारखा. त्याचे ते मिटलेले ओठ बघून ताई जास्तच अडखळत. दोघांनाही घाम फुटे. मग फोन एक रविवार सोडून एक येऊ लागला. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

इकडे जहाजावरही बोलणं सरत आलं होतं. डॉक्टरीण तीच ती वाक्यं पुन्हा बोले. नकाशेवाली पोर नुसतीच “सगळं ठीक, कॅप्टन” म्हणे. यंत्रवालाही म्हणाला, “सगळं ठीक, कॅप्टन,” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच सुरात. लिहिलेलं तेवढं संपलं होतं. आता शेवटचा प्रवास केला तरच ती माणसं नवीन काही बोलणार होती, आणि तो केला की खेळच संपणार होता. ताई काही दिवस तरीही रोज जाऊन सगळ्यांचं ‘सगळं ठीक’ ऐकून आल्या. मग एका संध्याकाळी त्यांनी निघण्याचा हुकूम दिला.

जमीन सापडली. पण झोपलेली माणसं सुखरूप उतरवायची तर कुणीतरी वर, जहाजात, मागं राहायला हवं होतं. पडद्यावर एकेकाचं नाव आलं. सगळ्यांत खाली लिहिलं होतं: ‘कॅप्टन थांबेल.’ ताईंनी फार विचार केला नाही. बाकीचे रडत-भेटत उतरून गेले. रिकाम्या जहाजात कॅप्टन एकटी बसली. तेवढ्यात दार सरकलं आणि यंत्रवाला वर आला. तो यंत्रघर सोडून कधीच वर आला नव्हता. तो शेजारी बसला आणि बेसूर गाऊ लागला. मग पडदा पांढरा झाला.

त्यावर नावं सरकू लागली. खेळ बनवणाऱ्यांची, शेकड्यांनी. ताईंनी चष्मा पुसून एकूण एक वाचली. यांतल्याच कुणीतरी यंत्रवाल्याची वाक्यं लिहिली असणार. कुणीतरी खाली उतरून काही न मागता नुसतं उभं राहील, हे त्या माणसाला आधीच सुचलं होतं. तो कोण हे कळायला मार्ग नव्हता. नावं संपली तेव्हा भाजी करपल्याचा वास आला.

काही दिवसांनी त्यांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि थेट यंत्रघरात उतरल्या. यंत्रवाल्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. ताईंनी यंत्र बंद केलं आणि त्यावर फडकं घातलं.

कारखान्यात काम नेहमीसारखं चाललं होतं. एका दुपारी पॉलिशवाला जेवायला गेला असताना एक म्हातारे गृहस्थ जिना चढून वर आले. खरं तर पेशंटनं खाली डॉक्टरांकडे जायचं. वर कुणी येत नसे. ते तोंडाला रुमाल लावून होते आणि दुसऱ्या हातात कवळी.

“हिरडी फोलली हो माझी,” ते म्हणाले. “डॉक्टर आले नाहीत. तुम्ही फांगा काय करायचं.”

ताईंनी खुर्ची पुढं केली. कवळी उजेडात फिरवून पाहिली, टोचणारी कड सापडली आणि ती घासायला घेतली. म्हातारे बघत बसले.

“एकट्याच अफता का इथं?”

असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. “प... पॉलिशवाला असतो,” ताई म्हणाल्या. म्हातारे थांबले. त्यांना कुठं जायचं नव्हतं आणि दात नसल्यानं मध्ये बोलण्याची हौसही नव्हती. ताई कवळीकडे बघत पुढं म्हणाल्या, “आधी माझं एक ज... जहाज होतं.”

“जहाजावर होतात?” म्हातारे सरसावून बसले. “काय काम?”

“कॅप्टन.”

म्हातारे हसले नाहीत. त्यांनी ताईंकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. “भीती नाही वाटायची फमुद्राची?”

“नाही. खाली यंत्रघरात एक मि... मित्र होता. त्याला गाता येत नव्हतं. तरी गायचा.”

“मग हवाच अफला माणूफ,” म्हातारे म्हणाले.

ताईंनी कवळी धुऊन दिली. त्यांनी ती बसवली, गाल हलवून पाहिले, आणि त्यांचा चेहराच बदलला. “समुद्र,” ते म्हणाले. “समुद्र. साखर. सासूबाई.” दोघंही हसले.

“टोचलं तर प... परत या,” ताई म्हणाल्या.

“येणार, येणार,” म्हणत ते कठड्याला धरून उतरून गेले.

पुढं काही दिवस जिन्यावर पाऊल वाजलं की ताईंचा हात थांबे. पण कड छान घासली गेली होती, आणि कवळी नीट बसलेला माणूस परत येत नसतो.