भाचीच्या मौनाला चार तारे

आमचे हे ध्वनिमुद्रक. घरात मी चार हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, पण स्टुडिओत गिटारची एक तार किंचित उतरली तर दाराबाहेरून ओळखतात. फाइलींना मात्र ‘शेवटची’, ‘अगदी शेवटची’, ‘आता बास’ असली नावं देतात. तिथेच घात झाला.

यांची भाची एका प्रायोगिक रॉक बँडमध्ये गाते. प्रायोगिक म्हणजे, टाळी वाजवावी तिथे गाणं संपलेलं नसतं. नोकरी सांभाळून पोरीने दोन वर्षांत नऊ गाणी लिहिली, गायली. नवा अल्बम समीक्षकांना पाठवायचं काम यांच्याकडे होतं. यांनी पाठवली ती बँडच्या तालमीची प्रत. तिच्यात वाद्यं सगळी, फक्त गाणारीचा आवाज बंद.

परीक्षणं आली. ‘गायिका असूनही न गाण्याचं धाडस!’ एकाने लिहिलं. दुसऱ्याला तिच्या मौनात अख्ख्या पिढीचा हुंदका ऐकू आला. चार-चार तारे! मी भाजी निवडता निवडता म्हटलं, “अहो, ही आणि मौन? हिचं तोंड तर झोपेतही चालू असतं.” हे ताडकन उठले, फाइल उघडून पाहिली आणि पांढरेफटक पडले.

यांनी लगेच बँडसमोर चूक कबूल केली. पण गिटारवाला म्हणाला, “काका, आता कुठे बोलू नका. पहिल्यांदाच कोणी आपल्याला विचारतंय.” ठरलं असं, की अल्बम तसाच काढायचा आणि कार्यक्रमात भाचीने माइकसमोर गप्प उभं राहायचं. पोरगी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. माझं डोकंच फिरलं. “घोडचूक तुमची, निस्तरा तुम्हीच,” मी यांना सुनावलं.

कार्यक्रमाला मिक्सरवर हेच होते. तिचा माइक बंद ठेवायची सक्त ताकीद होती. तीन गाणी ती नुसती उभी राहिली. पहिल्या रांगेतले समीक्षक डोळे मिटून तिचं मौन ऐकत होते, माना डोलावत होते. चौथ्या गाण्याला यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि माइक सुरू केला. पोरीने असा सूर लावला की एकाच्या हातातली वहीच पडली. गिटारवाला डोळे वटारत राहिला, पण यांनी काही माइक बंद केला नाही. मला यांचा इतका अभिमान लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला.

दुसऱ्या दिवशी चाराचा एक तारा झाला. बँडने यांना फोनवरच रामराम ठोकला. संध्याकाळी भाची वर्तमानपत्र घेऊन आली आणि मोठ्याने वाचू लागली, “‘मौनाशी गद्दारी. आवाज खरखरीत. तिसऱ्या ओळीत वरचा सूर चक्क फाटतो.’”

ती थांबली. “मामा, खरंच फाटतो?”

“किंचित,” हे चाचरत म्हणाले. “तिसऱ्याच ओळीत.”

पोरीचा चेहरा असा उजळला की मला कळेचना.

“म्हणजे त्याने ऐकलंय, मामा!”