टेबलाखालचे पावणेतीन तास

आमच्या गल्लीत एकेकाळी कुजबुज होती, की नऊ देशांनी मिळून औषधांचा मोठा करार केला तेव्हा आमचा सुतार टेबलाखाली दडून बसला होता, त्यानं आतली सगळी बोलणी ऐकली आणि कुठल्याशा परदेशी वकिलातीनं त्याचं तोंड बंद केलं. त्यासाठी काय दिलं, याबद्दल मात्र मतभेद होते. न्हावी म्हणे फ्लॅट, इस्त्रीवाली म्हणे लेकीला परदेशात नोकरी. पुरावा एकच, पण बिनतोड: दिवसभर टकळी चालवणारा हा माणूस त्या दिवसापासून बोलेनासा झाला. कुजबुजीला थोडं तिखटमीठ मीही लावलं, नाही कशाला म्हणू.

सुतार सरकारी परिषद भवनात नोकरीला. तो लागला तेव्हा आपले मंत्री दुसऱ्यांच्या टेबलाशी जाऊन कोपऱ्यात बसायचे आणि देतील ते घेऊन परत यायचे. मग दिवस पालटले. इथले कारखाने वाढले, आपल्यासारखेच आणखी चार देश वर आले, आणि पाचांनी ठरवलं, आता टेबल आपलं. ते टेबल सुतारानं केलं. लंबगोल केलं, कारण चौकोनी टेबलाच्या टोकाला कोण बसणार यावरून सख्खे भाऊ भांडतात, हे तर देश. प्रत्येकाला तीन फूट, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. ‘राजकारण म्हणजे कोपर ठेवायला जागा,’ हे तो न्हाव्याच्या खुर्चीत, अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना आम्हाला ऐकवायचा.

टेबलात खिळा एकही नाही. सगळे सांधे पाचरीचे, कारण दोनेक वर्षांनी नवा देश आत यायचा आणि टेबल ओढून मधे फळी घालावी लागायची. पाचांचे सहा झाले, सहांचे आठ. जगात कोण वर येतंय ते परराष्ट्रमंत्र्याच्या आधी याला कळे. बायको चिडवायची, “अहो, आपल्या कपाटाचं दार चार वर्षं लोंबतंय. त्याला कधी सभासद करून घेताय?”

नववा देश अगदी छोटा, नुकता कुठे सावरलेला. त्याचं यायचं आयत्या वेळी ठरलं, म्हणून लाकूड पुरतं वाळायच्या आत फळी बसवावी लागली. कराराच्या त्याच दिवशी सुताराच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन होतं. तीनला आत नेणार होते. सकाळी कामावर निघताना तो इस्पितळात डोकावला, तेव्हा ती म्हणाली, “आत न्यायच्या आधी एकदा तोंड दाखवा, म्हणजे झालं. टेबल काही पळून जात नाही.” अडीचला हजर, असं तो बोलून गेला.

दीड वाजता राजशिष्टाचार विभागाच्या बाई आल्या. नव्या फळीवर त्यांनी तळहात टेकवला आणि पाय डुगडुगतोय म्हणाल्या. फोन फाटकावर जमा करायचा नियम, तसा तो केलेलाच होता. सुतार झालर उचलून खाली शिरला. सैल पाचर त्यानं काढली, जाड पाचर ठोकणार, एवढ्यात पाहुणे आले. वेळेच्या दहा मिनिटं आधी. बाई वाकल्या, झालर सोडता सोडता हळूच म्हणाल्या, “फोटो होईपर्यंत हलू नका. दहाच मिनिटं.”

फोटो झाले. दारं बंद झाली. मग तिसऱ्या कलमावर घोडं अडलं आणि कुणी उठेचना. पाचरीशिवाय पाय सरकत होता आणि हातोडी मारायची सोय नव्हती. सुतारानं दोन्ही हातांनी पाय धरला, खांदा फळीखाली दिला. सोडला असता तर नव्या देशाचा पेला त्याच्या अध्यक्षाच्या मांडीवर गेला असता, तोही सगळ्यांदेखत. समोर बुटांच्या जोड्या. एक जोडी कोरी, तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच. मनगटावर घड्याळ होतं, पण पाय धरलेला असताना ते दिसेल असं वळत नव्हतं.

शेवटी वर टाळ्या पडल्या. बाईंनी झालर उचलली, तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. त्यानं आधी जाड पाचर ठोकली, मग बाहेर आला. फाटकावर फोन घेतला. लेकीचे अकरा फोन येऊन गेले होते.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर लेक बाकावर बसली होती, आईच्या चपला मांडीवर घेऊन. तो समोर उभा राहिला. ती म्हणाली, “आई विचारत होती, बाबा आले का. मी सांगितलं, येतायत.”

तो तिच्या शेजारी बसला. तिनं त्याच्या खांद्यावरचा भुसा झटकला.

पुढच्या वर्षी दहावा देश आला. सुतारानं फळी घातली, या वेळी वाळलेली. पेपरात टेबलाचा फोटो आला, आपल्या देशाचं वजन कसं वाढलं यावर लेख आला, आणि न्हाव्यानं तो गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवला. सुतार खुर्चीत होता. त्यानं दाढी करून घेतली आणि गेला. घरच्या कपाटाचं दार त्यानं दुरुस्त केलंय. आता नीट लागतं.

हे मला त्यानं एकदाच सांगितलं, माझ्या स्टुलाचा पाय बसवताना. मी विचारलं, खाली बसून ऐकलंस तरी काय? तो म्हणाला, “पाय सरकत होता. धरला.”

तर खरं एवढंच. सुतार टेबलाखाली होता. वर जी भाषा चालली होती ती त्याला येत नाही. वकिलातीनं त्याला काही दिलं नाही. चारला दहा कमी असताना त्याची बायको वारली, तेव्हा तो टेबलाचा पाय धरून बसला होता.