शहराची तहान आणि आमची विहीर

बहात्तरच्या दुष्काळात मी शहरातल्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आमच्या बौद्ध वस्तीतली नोकरीला लागलेली पहिली मुलगी. माझं खेडं बेंबळीच्या पुढं, शंभरेक उंबऱ्यांचं.

शहराला पाणी यायचं एकाच तलावातून, एकाच पाइपानं. तलावाचा तळ दिसला आणि आठ दिवसांत शहर हातघाईवर आलं. हॉटेलं बंद पडली, शाळा अर्ध्या वेळेत सुटू लागली, नळावर बायकांच्या झिंज्या धरण्यापर्यंत मजल गेली. माझ्या खेड्यात मात्र भागत होतं. तिथं सहकारी सोसायटीनं उसासाठी खोदलेली मोठी विहीर होती. पावसाचं लक्षण दिसेना तसं सोसायटीच्या चेअरमननं स्वतःच्या उसासकट सगळ्यांचा ऊस वाळू दिला, मोटार काढून ठेवली आणि घरटी दोन घागरी ठरवल्या. सगळ्या घरांना सारख्या. त्याआधी आमच्या वस्तीला त्या विहिरीत दोर सोडता येत नव्हता. वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. त्या वर्षी माझ्या मायनं पहिल्यांदा आपल्या हातानं पोहरा सोडला. दर रविवारी मी घरी गेले की ती तेच सांगायची.

एका शुक्रवारी साहेबांनी टाइप करायला मसुदा दिला. शहरासाठी विहीर ताब्यात घेण्याचा हुकूम. गावाचं नाव वाचलं आणि माझे हात थांबले.

"साहेब, हे माझं गाव आहे. तिथं दुसरं पाणी नाही."

"शंभर घरं आहेत. कसंही भागवतील."

"आपल्या शहरात गल्लोगल्ली जुने आड आहेत. कचऱ्यानं भरलेत. गाळ काढला तर वापरायला तरी पाणी मिळेल."

साहेब हसले. "एवढ्या मोठ्या शहराला आडाचं पाणी पुरतं काय? बाई, तुम्ही टाइप करा."

मी केलं. तीन प्रती, कार्बन घालून. नोकरी सोडून देण्याइतकी ऐपत नव्हती, आणि मी सोडली तरी हुकूम दुसऱ्या कुणी टाइप केला असताच, असं मी स्वतःला समजावलं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं.

सोमवारपासून टँकर सुरू झाले. पंधरा दिवसांत विहिरीत चिखल राहिला. चेअरमन ऑफिसात आले, टँकर मागायचा अर्ज घेऊन. मला म्हणाले, "पोरी, आमी पाणी राखलं ही आमची चूक झाली व्हय?"

मी अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. अर्जाला उत्तर गेलं, तेही मीच टाइप केलं: लोकसंख्या कमी असल्यानं गाव टँकरच्या यादीत बसत नाही.

त्यानंतर मायनं आणि वस्तीतल्या, गावातल्या बायांनी मिळून, झिरपलेलं पाणीही न्यायला आलेला टँकर विहिरीवर अडवला. रिकाम्या घागरी चाकांपुढं मांडल्या आणि तिथंच बसल्या. ड्रायव्हर ओरडला, मग पोलीस आले. माय म्हणाली, "घागरी फोडा अन् जा. आमी न्हाय उठत." दुपारी साहेब जीपनं आले. विहिरीत जेवढं झिरपेल त्यातली दर चौथी खेप गावाला द्यायची, असं ठरलं. आमच्याच विहिरीतली चौथी खेप! बायांना आनंद झाला, आणि मला तो आनंद बघवेना.

रविवारी मी घरी गेले. मायला कुणीतरी हुकुमाचं सांगितलं होतं.

"तूच लिहिलंस?"

"व्हय."

 तिनं घागर माझ्या हातात देऊन मला रांगेत उभं केलं. गावाच्या खेपेचा टँकर आला, रांग अर्धी सरकली. ड्रायव्हरनं घड्याळाकडं बघितलं, नळी गुंडाळली आणि उरलेलं पाणी घेऊन शहराकडं निघून गेला. माझ्यामागं अजून वीसेक बाया उभ्या होत्या. त्या मुकाट नदीच्या वाळूत झरा खणायला गेल्या, आणि मी माझी भरलेली घागर घेऊन त्यांच्याकडं बघत राहिले.