गंज ओळखणारी बोटं

काका आधी घड्याळ काढायचे, मग अंगठी. दोन्ही माझ्या हातात द्यायचे, जमिनीवर गोणपाट अंथरायचे आणि उताणे होऊन गाडीखाली सरकायचे. कोणी टॉर्च पुढे केला की वैतागायचे. "डोळ्याला काय कळतंय? काळा रंग फासला की डोळा खूश. बोटाला विचारू." मग त्यांचे नुसते पाय बाहेर दिसत आणि गाडीचा मालक त्या पायांकडे बघत अवघडून उभा राही.

नव्वदच्या सुमारास मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात चिकटलो, तेव्हा काका तिथे प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबून घडवतात तिथे, सुपरवायझर होते. उभी नोकरी पत्र्यावर हात फिरवण्यात गेलेली. आमच्यातल्या कोणालाही जुनी गाडी घ्यायची असली की रविवारी तो काकांना धरून न्यायचा. सिडकोत मी त्यांच्या शेजारी राहायचो, त्यामुळे त्यांना न्यायला स्कूटर माझी. मुंबईच्या नंबरची गाडी असली की काका जास्त वेळ खाली राहत. खारी हवा, तुंबलेलं पाणी. वरून गाडी चकचकीत असते आणि सीटखालचा पत्रा पापडासारखा झालेला असतो.

एकदा पंचवटीतल्या एका भाजीच्या व्यापाऱ्याने विकायची गाडी थेट नदीत उभी करून धुऊन आणली. खालून पाणी ठिबकत होतं. काका हात लावायला तयार होईनात.

"वाळू दे आधी. ओला पत्रा गुळगुळीतच लागतो."

"काका, लय जीव लावलाय गाडीला. खाली काय ठेवलंय बघण्यासारखं?"

"तेच बघायचंय," काका म्हणाले आणि ओट्यावर बसून त्याच्याशी मेथीच्या भावावर गप्पा मारत राहिले. गाडी वाळली. काका खाली जाऊन आले आणि मान हलवली. गाडी घेतली नाही, मेथी मात्र घेतली.

माझ्या लग्नाचंही तसंच. मनमाडला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून काकांना बरोबर नेलं होतं. पोहे आले आणि काका गायब. माझे होणारे सासरे रेल्वेत होते, त्यांची एक जुनी गाडी अंगणात उभी असायची. काका तिच्याखाली होते. केसांना जळमटं घेऊन परत आले आणि माझ्या कानाशी लागले, "चाकांवरच्या कमानीत चिखलाचा कण नाही. जिथे कोणी बघत नाही तिथेही धुतात ही माणसं. हो म्हण." मी हो म्हणालो. मला गाडीवरून पसंत केलं, असं बायको अजून ऐकवते.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याला आपण गृहीत धरतो. तो आहे तोवर आपल्याला काही शिकावं लागत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. काकू फार लवकर गेल्या होत्या. घरात काका आणि त्यांची मुलगी. मुलगी मुंबईत नोकरीला लागली आणि दर आठवड्याला घरी येण्यासाठी तिने जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं काढलं. लाल, बुटकी, दोन दारांची, वरचा टप मागे टाकता येणारी.

"मागे सीटच नाही?" काकांनी विचारलं.

"आपण दोघंच तर आहोत, बाबा."

 ही गाडी कसारा घाट चढणार-उतरणार होती आणि आत त्यांची एकुलती एक मुलगी बसणार होती. 

गाडी गंगापूर रोडच्या एका बंगल्यात होती, मालकाने मुंबईहून आणलेली. इतकी बुटकी की विटांवर चढवावी लागली. काका खाली गेले आणि बराच वेळ खालीच राहिले. पत्रा चाचपल्याचा आवाज येत होता. बाहेर आले ते हसतच. "गुळगुळीत आहे. घेऊन टाक."

मुलीने टाळी वाजवली आणि तिथेच थांबली. "बाबा, रक्त!"

उजव्या हाताची बोटं फाटली होती, ओघळ मनगटापर्यंत आला होता. काकांनी तो हात दुसऱ्याचा असल्यासारखा बघितला. "कुठे लागलं?" त्यांनी आम्हालाच विचारलं.

मी टॉर्च घेऊन खाली गेलो. ताजा काळा रंग, त्याखाली सुटलेले खवले. सीटखाली पत्रा खाऊन भोक पडलं होतं आणि त्याच्या धारेवर काकांचं रक्त होतं. एका जागी नाही, सगळीकडे. त्यांनी त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला होता.

मी बाहेर आलो. मुलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मालकाला म्हणाली, "राहू द्या. जवळून रंग फारच भडक दिसतोय." महिनोन्महिने तिला लाल रंगाचीच हवी होती.

परतताना सिग्नलला काकांनी स्कूटरवर मागून विचारलं, "काय होतं खाली?"

"भोक होतं."

"मोठं?"

"बोट आरपार जाईल एवढं."

सिग्नल सुटला. पुढच्या चौकात काका म्हणाले, "शुगरने पाय केव्हाच बधिर झालेत. हात शाबूत आहेत असं धरून चाललो होतो रे. पोरीला घाटात बसवलं असतं मी."

मला काय वाटलं? खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. रिजेक्ट झालेला माल बाजूला ठेवतात तसं मी ते बाजूला ठेवलं आणि स्कूटर चालवत राहिलो. ते अजून तिथेच आहे.

त्यानंतर काका कुठल्याही गाडीखाली गेले नाहीत. बोलवायला आलेल्यांना पाठ दुखते म्हणून सांगत. लोकांनी हळूहळू बोलवणं सोडलं. मुलगी एसटीने येत-जात राहिली.

काही वर्षांनी पायाच्या जखमेचं निमित्त झालं. चपलेत खडा होता आणि दिवसभर ते त्यावरच चालले होते. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. मुलगी खाटेशेजारी बसली होती.

"आलीस का गं?" काकांनी विचारलं.

"कधीची आलेय, बाबा. हात धरलाय तुमचा."

त्यांनी डोळे उघडून हाताकडे पाहिलं. "असं होय. धरलास की सांगत जा. मला कळत नाही."

तेव्हापासून ती सांगायची. नर्सला वाट द्यायला उठली, पाणी प्यायला गेली, तरी परत येऊन बसली की म्हणायची, "धरलाय, बाबा."

एका दुपारी नर्सने नाडी बघितली, डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टर बघून, कागदावर वेळ लिहून गेले. खोलीत आम्ही तिघं उरलो. मला रडू आलं नाही.

"धरलाय, बाबा," मुलगी म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि तिला म्हणू दिलं.