गुडघ्यापुढचा लाल शेरा

उडी मारून खाली आल्यावर माझा डावा गुडघा आत वळतो, हे मला शिरूरच्या कॉलेजच्या मैदानावर कळलं आणि खुटबावातल्या आमच्या आळीला त्याच संध्याकाळी. पुण्याहून आलेल्या फिजिओबाईंनी फुटबॉलच्या दोन्ही संघांना, मुलांच्या आणि मुलींच्या, बाकावरून एका पायावर उड्या मारायला लावल्या. कोण कसं उतरतं ते मोबाईलवर टिपलं. ज्यांचा गुडघा आत वळला त्यांच्या नावापुढे यादीत लाल शेरा. आमच्या सरांनी मोठ्या हौसेने ती यादी नोटीस बोर्डावर लावली, आणि कुणीतरी तिचा फोटो काढून आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला. एसटीने मी घरी पोचले तोवर गावात मी लंगडी झाले होते.

"बास झाला आता बॉल," आबा म्हणाले. वडिलांना आम्ही आबाच म्हणतो. "पाय मोडल्याव तुला कोण करून घ्यायचं?"

लाल शेरा मुलांच्या संघातल्या तिघांनाही होता. त्यांच्या पायांची चौकशी करायला कुणाच्या घरी कुणी गेलं नाही. मला याचा अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सरळच विचारलं, "माझा गुडघा मोडणार का?"

"ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "शेरा असलेले वर्षानुवर्षं खेळतात, नसलेलेही पडतात. तुझी कंबर आणि मांडी कच्ची आहे, म्हणून गुडघा आत जातो. शेरा सरावासाठी आहे, घरी बसण्यासाठी नाही." यादी भिंतीवर लावायची नव्हतीच, हेही त्यांनी सरांना माझ्यासमोर ऐकवलं.

मग मी रोज सकाळी आमच्या ओट्यावरून उड्या मारू लागले. एका पायावर उतरायचं, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवायचा, पाचपर्यंत मोजायचं, आणि उतरताना आवाज करायचा नाही. सुरुवातीला आई आतून विचारायची, पोतं पडलं का म्हणून. दोन महिन्यांनी तिने विचारणं सोडलं.

अशात मला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे मामा म्हणाले, "पोरी, जरा अंगणात चालून दाखीव. पायात कायतरी दोष हाय म्हनं." आबा खाली बघत राहिले. त्यांचं ते खाली बघणं मला झोंबलं.

मी पदर खोचला, ओट्यावर चढले आणि डाव्या पायावर खाली आले. पाचपर्यंत मोजलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मुलाकडे वळले. "आता तुम्ही."

तो बिचारा हसत उठला आणि त्याने उडी मारली. त्याचा गुडघा असा आत गेला, की मामांनाच पुढे होऊन त्याला धरावं लागलं.

"दोष न्हाई मामा," मी म्हणाले, "सराव न्हाई."

पाहुण्यांचा निरोप आला नाही. आईने दोन दिवस अबोला धरला. रविवारी शिरूरला सामना होता, आणि सकाळी मला सोडायला आबांनी मोटरसायकल बाहेर काढली. वाटेत एकदाच त्यांनी विचारलं, "आन् खरंच मोडला तर?"

"मोडला तर खेळताना मोडंल, आबा," मी म्हणाले. "चालून दाखवताना न्हाई."