भाचीचे सूर आणि काकूंचा पदर

सुरतेत राहून साड्या न विकणारा, माग न चालवणारा आणि तरीही आमच्या साऱ्या गोडादरा वस्तीला पुरून उरणारा एकच जीव जन्माला आला, तो म्हणजे माझी भाची. आमच्या खानदेशी घरात अहिराणी, शाळेत गुजराती, बाजारात हिंदी. एवढ्यावर कोणाचंही पोट भरलं असतं. हिला तैवानात बोलतात ती चिनी भाषा हवी होती. भाकऱ्या थापताना एकच शब्द ती चढवून, पाडून, दाबून म्हणे. शेजारीण माझ्या बहिणीला विचारी, "ताई, तुनी पोर कोनासंगे भांडी र्‍हायनी?"

मी मामा, म्हणजे घरातला मान्यवर अडाणी. मला तिने कानबाईच्या, आमच्या खानदेशी देवीच्या, मिरवणुकीवरून शिकवलं. "मामा, आपल्या बाया एकेका घराचा गट करून चालतात ने? पुढे सुना पदर घेऊन, शेवटी सासू उघड्या डोक्याने. तिथल्या प्रत्येक शब्दाला आपला सूर असतो, आणि शब्द चालतात तस्सेच. पुढच्यांनी सूर बदलायचा, शेवटच्याने मूळचा राखायचा. सासू संपली की दुसरं घर सुरू."

"किती सुनांमागे एक सासू?"

"मोजून नाही हो! कोण कोणाच्या घरचं, ते वाक्याच्या बांधणीवर ठरतं."

हे मी पर्वत पाटिया भागातल्या माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. गिऱ्हाईक कमी झालं, अभिमान वाढला.

तिकडच्या विद्यापीठाच्या प्रवेशाची मुलाखत फोनवर, व्हिडिओने होती, तीही नेमकी कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी. निवड झाली तर तैवान, नाहीतर नवागामचं स्थळ, असं दाजींनी ठरवून टाकलेलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, सुरांचा एक गट कुठे संपतो हे कसं ओळखतेस? खाली मिरवणुकीचे ढोल वाजत होते. हिने फोन सरळ गॅलरीबाहेर धरला. खालच्या बायांना वाटलं, पोरीला बघणारे मुलाकडचे फोनमधून आपल्यालाही बघताहेत. सासवांसकट साऱ्यांनी पदर डोक्यावर ओढले! सिद्धांत भर रस्त्यात आडवा. मी वरून आमच्या घराच्या शेवटी चालणाऱ्या काकूंना ओरडलो, "काकू, तुम्ही पदर काढा! पोरीचं तैवान जातंय!"

"तुले लाज नही वाटस का रे?" काकू गरजल्या.

भाची मात्र शांतपणे फोनमध्ये इंग्रजीतून म्हणाली, "परकं कोणी बघायला लागलं की घरांच्या सीमा कशा पुसल्या जातात, तेही मला शोधायचंय." बाई मनापासून हसल्या. निवड झाली. मी पेढे वाटत असा हिंडलो, जणू उत्तर मीच दिलं होतं.

आता ती तिथेच असते. परवा आमच्याशी बोलता बोलता तिच्या दारात कोणी आलं, आणि ती फोन तसाच ठेवून त्यांच्याशी तिकडच्या भाषेत बोलू लागली. मला अक्षर कळेना. बहीण फोन बंद करायला गेली. मी म्हटलं, "राहू दे गं." पोरीचा आवाज चढत होता, उतरत होता, कुठेही अडखळत नव्हता. आम्ही दोघं भाऊबहीण ऐकत बसलो.