गुडघ्यासाठी घेतलेली गाडी

मुंबईत आजवर जेवढी माणसं मोटरसायकलवर बसली, ती सगळी चुकीची बसली. अपवाद फक्त माझ्या सासऱ्यांचा. हे मत माझं नाही, त्यांचं आहे. पण लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर त्यांचं मत तेच आपलं मत, असं धरून चालण्यात शहाणपण आहे हे मला कळलेलं आहे. सासऱ्यांनी सगळी नोकरी गोदीत क्रेन चालवण्यात काढली. वर काचेच्या खोलीत बसायचं, दोन बोटांनी दांडा हलवायचा आणि खाली वीस-वीस टनांचा माल इकडचा तिकडे अलगद ठेवायचा. त्यामुळे जगातली कुठलीही जड वस्तू आपल्या ऐकण्यातलीच असते, अशी त्यांची समजूत झाली. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्म करतात, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. सासऱ्यांनी दुसरी गोष्ट केलीच, पण त्याआधी पावणेतीनशे किलोंची, लांबच्या प्रवासाला काढतात तसली मोटरसायकल घेतली. आता लांबचा प्रवास म्हणजे वर्षातून एकदा गणपतीला कणकवलीजवळचं गाव. उरलेले साडेअकरा महिने ती गाडी लालबाग ते हिंदमाता एवढा खडतर पल्ला गाठायची.

त्या पल्ल्याची तयारी बघण्यासारखी असे. कोपरांना आणि खांद्यांना टणक गाद्या लावलेलं जाकीट, पोटरीपर्यंतचे बूट, हातमोजे, हेल्मेट. मग गाडीभोवती एक प्रदक्षिणा, टायरांना एकेक लाथ. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पेट्यांत पंक्चरचं सामान, दोरखंड, बॅटरी, मलमपट्टी आणि 'नेटवर्क गेलं तर' म्हणून कोकणाचा कागदी नकाशा. एवढं सगळं घेऊन ते मासळी बाजारात जात. तिथली कोळीण एकदा म्हणाली, "काय काका, बॉर्डरवर चाललात काय?" सासरे काच वर करून शांतपणे म्हणाले, "आज नाही. आज फक्त कोळंबी." पेटीत दोरखंडाशेजारी कोळंबी विराजमान झाली आणि पुढे महिनाभर तो दोरखंड हातात धरवत नव्हता.

मागे बसणाऱ्यासाठी त्यांचा वेगळा कायदा होता. "मागच्याने सामान व्हायचं," ते सांगत. "सामान हलत नाही, सामान प्रश्न विचारत नाही." मी एकदाच सामान झालो, परळहून आमच्या अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीपर्यंत. वडाळ्याला मी नुसती मान वळवून एक दुकान पाहिलं, तर गाडी बाजूला घेऊन त्यांनी मला मानेचा तोलावर होणारा परिणाम समजावून सांगितला. पाऊण तासाने मी घरी पोचलो. सासूबाई मात्र आदर्श सामान होत्या. गावाला जाताना दोघांच्या हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायचं यंत्र असे आणि सासरे अखंड सूचना देत. त्यातलं कुठलं बटण दाबलं की आवाज बंद होतो, हे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी पनवेलच्या आत शोधून काढलं. सासरे पार कणकवलीपर्यंत एकटेच बोलत गेले आणि उतरल्यावर म्हणाले, "हिला आता रस्ता कळायला लागलाय."

एक गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यांना दिसत होती आणि कोणी बोलत नव्हतं. सासरे उंचीने बेताचेच. त्या गाडीवर बसले की दोन्ही पायांचे फक्त चवडे जमिनीला टेकत. ह्याला ते 'टेक्निक' म्हणत. साठीत ते टेक्निक चाललं. अडुसष्टाव्या वर्षी एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर पार्किंगच्या चढावर, बरोबर वळणावर, ते टेक्निक आडवं पडलेलं होतं आणि शेजारी सासरे हाताची घडी घालून उभे होते. पूर्वी तिथे त्यांची चाळ होती; आता टॉवर झालाय आणि चढ असा बांधलाय की चालत जाणाराही देवाचं नाव घेतो.

"बाबा, लागलं का? पडली कशी?" बायको धावली.

"पडली नाही. आडवी ठेवलीय," सासरे म्हणाले. "अधूनमधून ठेवावी लागते. तेल एका बाजूला बसतं."

मी, वॉचमन आणि कुणाकडे तरी नळ दुरुस्त करायला आलेला एक प्लंबर असे तिघे वाकलो. सासरे चार पावलं मागे सरले आणि गोदीतल्यासारखे हातांनी इशारे द्यायला लागले. "उपर, उपर... बस! डाव्या अंगाला... जावईबापू, कंबर नाही, गुडघे वापरा." गाडी उभी राहिली. वर घरात आल्यावर त्यांनी हातमोजा काढायला घेतला तर तो निघेना, कारण बोटं आखडून गेली होती. किती वेळ ते एकटे त्या गाडीशी झटत होते कुणास ठाऊक. सासूबाईंनी जवळ बसून एकेक बोट मोकळं करत तो मोजा काढला आणि वरण-भात वाढायला गेल्या. मला त्या दिवशी हसू आलं नाही. चार महिन्यांनी, गणपतीला, त्याच गाडीवर, त्याच सासूबाईंना मागे घेऊन, त्यांना घाट उतरायचे होते.

"तुम्ही बोला बाबांशी. जावयाचं ऐकतात ते," बायको घरी म्हणाली. कुठल्या जावयाचं, हे तिने सांगितलं नाही. तरी मी पुढच्या रविवारी हळूच विषय काढला, की हल्ली हलक्या गाड्यासुद्धा छान निघाल्या आहेत. सासऱ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "जावईबापू, तुम्ही ऑफिसात स्टेपलरसुद्धा दोन हातांनी दाबता. वजनाच्या गोष्टी तुम्ही करू नका." मग बायकोचा धीर सुटला. रडतरडतच ती म्हणाली, "बाबा, गाडी बंदच करा आता." ह्यावर ते भडकतील असं वाटलं होतं. ते भडकले नाहीत. "करतो," ते म्हणाले. "मग त्या खिडकीत मला एक खुर्ची द्या आणि गाडीवर घालतो ती ताडपत्री माझ्यावर घाला." गाडी ठेवली तर एक दिवस दोघंही आडवी होणार होती आणि काढली तर हा माणूस खिडकीत बसून संपणार होता.

त्यानंतर आठवड्याभरात सासूबाईंचा गुडघा दुखू लागला. अगदी अचानक, आणि फक्त गाडीवर चढताना. "माझो गुडघो आता तुमच्या त्या उंच गाडयेर चढाक देईना," त्यांनी जाहीर केलं. "बुटकी, हलकी गाडी घेवा. नायतर गणपतीक तुमी एकटे जावा, मी येवचंय नाय." सासऱ्यांनी दोन दिवस घरात येरझारा घातल्या, पण बायकोच्या गुडघ्यापुढे क्रेनवाल्याचंही काही चालेना. जड गाडी विकायला काढली. घ्यायला आलेल्यांच्या त्यांनी ज्या मुलाखती घेतल्या, त्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पावसात कुठे ठेवणार, घरात अजून कोण चालवणार, स्वभाव तापट आहे का. मुलगी देताना मला त्यांनी एकच विचारलं होतं, नोकरी कायम आहे ना. शेवटी ठाण्याचा एक गृहस्थ पसंत पडला. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर सासरे बराच वेळ त्या रिकाम्या जागेवर पडलेले तेलाचे डाग चपलेने पुसत होते.

नवी गाडी जुनीच्या निम्म्या वजनाची. तिच्या पूजेला सासऱ्यांनी दादरच्या फुलबाजारातून हार आणला तो 'नेहमीच्या मापाचा'. तो हँडलवरून निघून दिव्याला वेढा घालून, पुढच्या चाकाखाली जाऊन जमिनीवर हातभर उरला. पूजेनंतर गाडी जरा पुढे घेतली तर झेंडू चाकात गुंडाळला गेला आणि सगळ्यांनी मिळून पाऊण तास पाकळ्या उपसल्या. "ही गाडी नव्हे, ही सोय आहे," सासरे म्हणाले. हेच वाक्य पुढे सगळ्या लालबागने ऐकलं. लिफ्टमध्ये, दूध घेताना, सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी स्कूटरवाल्यालाही ते सांगत, "मिसेसचा गुडघा. नाहीतर आपण मोठीच वापरतो." गुडघ्याची एवढी जाहिरात झाली की वाटेत बायका सासूबाईंना थांबवून तेलं सुचवू लागल्या. आणि इकडे सासरे बारक्या गल्ल्यांतून सुळसुळ गाडी काढू लागले, वळणावर शीळ घालू लागले, कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी दिवसातून तीनदा खाली उतरू लागले. मजा येते का, असं मी एकदा विचारलं. "सोयीत कसली मजा?" ते म्हणाले आणि हेल्मेट शोधायला लागले.

गुडघ्यासाठी मग फिजिओथेरपीही सुरू झाली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सासरे सासूबाईंना हिंदमाताजवळच्या एका इमारतीत सोडत आणि तासाभराने घेऊन येत. वर दवाखान्यात फक्त बायकांना प्रवेश आहे, असं सासूबाईंनी त्यांना बजावलं होतं. आषाढातल्या एका शुक्रवारी मी बायकोची साडी बदलून घ्यायला त्या बाजूला गेलो होतो. सासऱ्यांची गाडी दिसली, सासरे दिसले नाहीत. म्हणून मी जिना चढलो. पहिल्या माळ्याच्या वळणावर, जाकीट, बूट, हातमोजे अशा पूर्ण वेशात, हेल्मेट काखेत धरून ते खिडकीच्या फटीला डोळा लावून उभे होते. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि अर्धी खिडकी मला दिली.

आत हॉल होता. पंधरावीस बायका पदर खोचून मंगळागौरीच्या खेळांची तालीम करत होत्या. मधोमध आमच्या सासूबाई एका दणकट बाईबरोबर फुगडी घालत होत्या, अशी की समोरच्या बाईनेच "पुरे गं, पुरे" म्हणून हात सोडवून घेतला. मग त्या खाली बसून, दोन्ही गुडघे दुमडून उड्या मारत, बसफुगडी घालत हॉलभर फिरल्या.

आम्ही पाय न वाजवता खाली आलो. सासरे गाडीवर टेकले.

"कधीपासून माहितीय तुम्हाला?" मी विचारलं.

"दुसऱ्या मंगळवारपासून. छत्री द्यायला वर गेलो होतो." ते हातमोज्याचा टाका बघत राहिले. "बिल्डिंगच्या बायकांचा ग्रुप आहे. श्रावणात स्पर्धा आहे त्यांची. जावईबापू, तिला कळू द्यायचं नाही हां. गुडघा बरा झाला म्हणाली तर मला परत मोठी गाडी घ्यावी लागेल." आणि मग, रस्त्याकडे बघत, अठरा वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात ते म्हणाले, "ती गाडी आता मला उचलवत नाही हो."

मी स्टेपलर दोन हातांनी दाबणारा माणूस. मी नुसता त्यांच्या शेजारी टेकलो.

"स्पर्धेला तुम्ही घेऊन जा तिला," ते म्हणाले. "मी घरी ताप आणतो. मी समोर असलो तर तिला लंगडावं लागेल." तेवढ्यात जिन्यावरून सासूबाई आल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी, कण्हत. "सावकाश गं," सासरे म्हणाले. "आज जास्त ओढला का पाय?" "मरणाचो ओढल्यानी," सासूबाई म्हणाल्या.

स्पर्धेच्या मंगळवारी सासऱ्यांना ठरल्याप्रमाणे ताप आला. मी आणि बायको सासूबाईंना टॅक्सीने दादरच्या हॉलवर घेऊन गेलो. बायकोला मी सगळं सांगितलं होतं; ती टॅक्सीभर खिडकीबाहेर बघून डोळे पुसत होती. खेळ सुरू झाले, टाळ्यांनी हॉल दणाणला. मी सहज मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत कोपऱ्यात एक माणूस जाकीट घालून बसला होता. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली. आजूबाजूच्या बायकांनी दोन-दोन खुर्च्या सोडल्या होत्या. सासूबाईंची फुगडी संपली तेव्हा हातमोज्यांतल्या टाळ्या सगळ्यात शेवटी थांबल्या.

बक्षीस दुसऱ्याच ग्रुपला गेलं. सासूबाई कपाळाचा घाम टिपत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावयानू, त्या शेवटच्या रांगेतल्या हेल्मेटवाल्यांका जरा पाणी नेवन देवा. घामान भिजले आसतले. आनी मी बघलंय म्हणान सांगा नको."

पाणी घेऊन मी पोचेपर्यंत खुर्ची रिकामी होती. सासरे बाहेर फाटकापाशी गाडीवर बसलेले, केस ओले, चेहरा लाल. ताप उतरला, इथून जात होतो, म्हणाले. सासूबाई हॉलच्या दारातून लंगडायला लागल्या ते थेट गाडीपर्यंत. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, "आई गं" म्हणत त्या मागे बसल्या. सासऱ्यांनी मला गणपतीला गावी यायचं आमंत्रण दिलं, त्यातच स्टेपलरचा उल्लेख केला आणि गाडी सुरू केली. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. दोन्ही टाचा जमिनीला पुऱ्या टेकल्या होत्या.